नऊ नवकार

स्कूटी नालीत जाऊन पडली होती आणि अपूर्वा डांबरी रस्त्यावर. धडक देणारी जीप मंगरूळपीरच्या दिशेनं केव्हाच पसार झाली होती. पंक्चरच्या टपरीतून फय्याज धावत आला. त्यानं तिच्या नाकाशी गाल नेला, छातीकडं पाहिलं. श्वास नव्हता. कानामागून थोडंसं रक्त आलेलं, बाकी झोपल्यासारखी.

शेलूबाजारात माणसं गोळा व्हायला वेळ लागत नाही. कुणी म्हणालं पाणी पाजा, कुणी म्हणालं कांदा हुंगवा. एक ना धड, भाराभर चिंध्या. जगदेव हॉटेलवाल्यानं तेवढा शहाणपणा केला, १०८ला फोन लावला. गाडीला वीस मिनिटं लागणार होती. तोवर काय करायचं, हे त्या गर्दीत एकट्या फय्याजला माहीत होतं. हायवेवरच्या दुकानदारांचं प्रथमोपचाराचं शिबिर झालं, तेव्हा रबरी बाहुलीची छाती त्यानं घाम फुटेस्तोवर दाबली होती. उशीर केला तर माणूस गेलाच, असं डॉक्टरनं बजावलं होतं.

पण ती बाहुली होती. ही दुलीचंद शेठची सून.

शेठजी समोरच्या किराणा दुकानातून अनवाणीच आले. सुनेचा पदर बाजूला पडला होता, ब्लाऊज खांद्यापाशी फाटलं होतं.

“शेठजी, सुनबाईचा श्वास बंद हाय. छातीवर दाबा लागते. दाबू काय?”

दुलीचंदांनी सुनेकडं पाहिलं, मग फय्याजकडं. त्याच्यापुढं हात जोडले आणि तोंड फिरवून दुकानाकडं बघत उभे राहिले.

“हात जोडले त्यायनं,” जगदेव कानाशी लागला. “नको म्हनून राह्यले. तू हात लावू नको बापा. मेली त तुह्यावरच येईन.”

आठ-दहा जणांनी मोबाइल वर धरले होते. फय्याज भित्रा नव्हता, पण पुढं केलेले हात त्यानं मागं घेतले. आपलं नाव फय्याज आहे, हे त्याला जन्मात इतकं कधी आठवलं नव्हतं.

“कोनी बाई हाय का इथं? बाई!”

भाजीवाली चतुराबाई पाटी टाकून आली. तिनं आधी अपूर्वाचा पदर नीट केला. मग तिच्या छातीवर हात ठेवून, तान्ह्या लेकराला चोळावं तशी हळूहळू चोळू लागली. “उठ व माय, उठ.”

“असं नाही, मावशी. जोरानं दाबा. असं!” फय्याज तिच्यासमोर बसून आपल्याच गुडघ्यावर दोन्ही हात दाबून दाखवत होता. “अजून जोरानं!”

“हाडं मोडतीन रे तिचे,” म्हातारी रडायला लागली.

मागं गाड्या अडल्या होत्या, हॉर्न कोकलत होते. अपूर्वाचे ओठ निळे पडत चालले. फय्याज गुडघा दाबतच राहिला. त्याला स्वतःची लाज वाटत होती आणि हात मात्र पुढं जात नव्हता.

“फय्याज,” शेठजींचा आवाज आला. ते अजून दुकानाकडंच तोंड करून उभे होते. “मी सासरा हाय रे. तिले तशी पाहू शकत नाही, म्हनून तोंड फिरवलं. तुह्या भरवशावर उभा हावो. नऊ डाव नवकार मंत्र म्हनला. आला काय श्वास?”

जगदेवनं मान खाली घातली. चतुराबाईनं हात काढून घेतला.

“दाबूनच राह्यलो, शेठजी,” फय्याज म्हणाला, आणि त्यानं अपूर्वाच्या छातीवर पहिल्यांदा हात ठेवले.