शिवलिंगप्पाचं घर

हवालदार ईश्वरप्पा चार शिपाई घेऊन बोळात शिरला, तेव्हा वीरभद्रप्पा निंगव्वाच्या ओसरीवर घोंगडी टाकून बसला होता. तिची मुलगी चन्नम्मा त्याच्या मुलाला दिलेली. सुपारी फुटली होती, आणि लग्नाची तारीख धरायला म्हणून तो वळसंगहून सकाळीच आला होता. बुटांचा आवाज दाराशी येऊन थांबला. निंगव्वा चुलीपुढून उठली.

हा दिवस वीरभद्रप्पानंच मुद्दाम निवडला होता. आज पोलीस मैदानावर परेड होती, गेल्या वैशाखातल्या दंगलीत मेलेल्या शिपायांच्या नावाची. त्यांत निंगव्वाचा नवरा शिवलिंगप्पा होता. चौकीवर पहाऱ्याला होता. जमाव आला, तो जागचा हलला नाही, तिथंच मारला गेला. त्याच दंगलीपायी पुढं गावची माणसं फासावर गेली. त्यांच्या तसबिरी सोलापुरात घरोघर लागल्या. शिवलिंगप्पाचं नाव मात्र निंगव्वाच्या उंबऱ्याबाहेर वर्षभरात कुणी घेतलं नव्हतं.

वीरभद्रप्पा माणूस वाईट नव्हता. त्याचं म्हणणं एवढंच, की परेडीला जाऊ नका. त्याची भावकी सगळी खादीवाली, इंग्रज सरकारच्या हातून मान घेतलेला त्यांना खपला नसता. त्या दिवशी मी स्वतः तुमच्या ओसरीवर येऊन बसतो, म्हणजे तुम्ही गेला नाहीत हे चार लोकांनाही दिसेल, असं तो म्हणाला होता. निंगव्वानं ऐकलं. अंगात ताप आहे, येता येत नाही, असा निरोप तिनं पोलीस लाइनीत धाडला.

त्या तापानंच घात केला. बाई आजारी आहे तर तिचा मान तिच्या घरी पोचवा, असा साहेबानं हुकूम दिला होता.

समोरच्या घरातला हातमाग थांबला. दारं किलकिली झाली. शिपाई ओसरीपुढं रांगेत उभे राहिले. ईश्वरप्पाच्या हातात घडी घातलेली शाल होती आणि तिच्यावर पितळेचा बिल्ला. लिंगायतांच्या रीतीनं शिवलिंगप्पाला मातीत बसवताना त्याचे खांदे ज्यांनी धरले होते, त्यांतला एक ईश्वरप्पा.

त्यानं घसा साफ केला आणि सगळ्या बोळाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "शिपाई शिवलिंगप्पा गुरुसिद्धप्पा. सरकारी कामगिरीवर असता कामास आले. त्यांच्या घरी ही शाल."

नवऱ्याचं नाव बापाच्या नावासकट, असं भर उन्हात, दारात. निंगव्वाचा हात पदराखालून निघालाही. मग तिला वीरभद्रप्पा दिसला. मान खाली घालून तो घोंगडीच्या दशा ओढत बसला होता. त्याच्या मागं, आतल्या दाराची चौकट धरून चन्नम्मा उभी होती.

"घर चुकलं तुमचं," निंगव्वा म्हणाली. "त्या नावाचं हितं कुणी न्हाय."

याच ओसरीवर ईश्वरप्पा कितीदा शिवलिंगप्पाच्या ताटाला ताट लावून जेवला होता. तो हळूच म्हणाला, "अक्का?" तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही. मग त्यानं शाल बगलेत धरली, टाचा जुळवल्या आणि तिला नव्हे, तर रिकाम्या दाराला करावा तसा सलाम केला. शिपाई वळले. बोळाच्या टोकापर्यंत त्यांचे बूट वाजत गेले.

वीरभद्रप्पा उठला. त्यानं घोंगडी झटकली, घडी करून खांद्यावर टाकली. पोरीसाठी केलं, अण्णा, एवढं निंगव्वा कसंबसं बोलली. त्यानं मान हलवली. ते त्याला कळत होतं.

"मी परेडीला जाऊ नका म्हणलो होतो, निंगव्वा," तो म्हणाला. "मालक नव्हताच म्हणा, असं म्हणलो न्हवतो."

तारखेचं त्यानं काढलं नाही. भाकरी तव्यावर होती, तिच्यासाठीही थांबला नाही. कळवतो म्हणाला आणि वहाणा घालून निघाला. ठरल्या लग्नात 'कळवतो' म्हणजे काय, ते निंगव्वाला सांगायला नको होतं. आत चन्नम्मा भिंतीकडं तोंड करून बसली. आईनं दोनदा हाक मारली, तरी ती वळली नाही.

थोड्या वेळानं समोरची सिद्धम्मा बोळ ओलांडून आली. तिचा दीर त्याच दंगलीपायी येरवड्याच्या तुरुंगात होता. वर्षभरात तिनं निंगव्वाकडं नजर उचलून पाहिलं नव्हतं. आज तिच्या हातात ताकाचा वाडगा होता, वर झाकलेलं फडकं.

"बरं केलंस बाई," ती म्हणाली. "आता आमच्यातली झालीस." तिनं वाडगा पुढं केला आणि निंगव्वाच्या पाठीवरनं मायेनं हात फिरवला.

निंगव्वानं वाडगा घेतला. तो काठोकाठ भरलेला होता. सांडू नये म्हणून तिनं तो दोन्ही हातांनी धरला, आणि सिद्धम्मा आपल्या घरात जाऊन माग पुन्हा सुरू झाला तरी ती तशीच दारात उभी राहिली.