बीमच्या टोकाला

ब्रिन कचऱ्याच्या डब्यावर वाकून ओकत होती आणि तिचा बाप खुर्चीत बसल्या बसल्या टाळ्या वाजवत होता.

"शाब्बास! निघालं ना सगळं? आता मोकळी झालीस. चढ बीमवर!"

पालकांना खाली खेळाडूंमध्ये यायची बंदी होती. म्हणून तिचा बाप ट्रेंट दर जिम्नॅस्टिक्स स्पर्धेत स्वयंसेवक व्हायचा आणि गुणांचा फलक दाखवायचं काम मागून घ्यायचा. तोल सांभाळत चालायच्या त्या उंच, अरुंद बीमच्या अगदी टोकासमोर त्याची खुर्ची. मांडीवर नाचोज चिप्स, बोटांना पिवळं चीज; तीच बोटं चाटून तो फलकावरचे आकडे उलटायचा. टी-शर्टच्या छातीवर छापलेलं, 'विजेतीचा बाप'. बघूनच किळस यावी असं ध्यान.

प्रशिक्षक लॉरेटानं ब्रिनचं तोंड पुसलं. नऊ वर्षांची पोर, गालांवरच्या चमकीखाली पांढरीफटक पडली होती. सरावात ती बीमवर मांजरासारखी चालायची, स्पर्धेत मात्र दर वेळी मधेच थिजून खाली पडायची. आजही पडले तर जिम सोडणार, असं तिनं सकाळी कपडे बदलतानाच सांगून टाकलं होतं.

"कोच, मला नाही जमणार."

"जमतं तुला. रोज बघते ना मी. पायांकडे बघायचं नाही. मग कुठे बघायचं?"

"बीमच्या टोकाकडे."

"बरोबर. काय दिसतं तिथे?"

ब्रिननं टोकाकडे पाहिलं.

"डॅडी," ती म्हणाली.

लॉरेटानं मान वळवली. ट्रेंट दोन बोटांनी ओठ ताणून पोरीला 'हास, हास' म्हणून खुणावत होता. मग त्यानं डोळे चोळत तिच्या रडण्याची नक्कल केली आणि शेजारच्या बाईला कोपरानं डिवचून खिदळला. लॉरेटाला त्याची शिसारी आली, आणि स्वतःचीही. सबंध मोसमभर 'टोकाकडे बघ, टोकाकडे बघ' असं तीच तर पोरीकडून घोकून घेत होती.

पंचबाईंनी हिरवा झेंडा दाखवला. लॉरेटा तडक गेली आणि ट्रेंटच्या गुडघ्यांना खेटून, त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली. चांगली आडव्या अंगाची बाई.

"अहो कोच, मला काही दिसत नाहीये!"

"दिसायला नकोच आहे."

"माझी मुलगी आहे ती!"

"आकडे धरा, ट्रेंट. आणखी एक शब्द काढलात तर पंचांना सांगून उठवीन."

ब्रिननं हात उंचावून पंचांना सलामी दिली आणि ती चढली. पहिली पावलं डगमगली. मग तिनं मान वर करून टोकाकडे पाहिलं. लॉरेटानं हसूनबिसून काही दाखवलं नाही, नुसती उभी राहिली. ब्रिन वळली, जराशी हलली, सावरली. लॉरेटाच्या पाठीमागे चीजचा आंबूस वास आणि रागाचं फुरफुरणं चालू होतं. शेवटची कोलांटी घेऊन पोर गादीवर उतरली, दोन्ही पायांवर.

धावत येऊन तिनं लॉरेटाच्या कमरेला मिठी मारली. "पडले नाही मी!"

"बघितलं की. म्हटलं नव्हतं?"

मागे ट्रेंटनं गुणांचा फलक लावला, वाचला आणि चुकचुकला. "वळताना हललीस वाटतं. चल, गाडीत बोलू."

ब्रिनची मिठी सैल झाली. तिनं लॉरेटाची बाही ओढून तिला खाली वाकवलं आणि कानात विचारलं,

"कोच, गाडीतल्या आरशावर काय चिकटवता येतं? म्हणजे चालवणाऱ्याला मागचं दिसणार नाही असं?"