पाय शेवटी यायचे

“आता बघा,” वेबसाइटवाला म्हणाला आणि त्याने लॅपटॉप आईकडे वळवला. बोट लावायचा अवकाश, की पान उघडलं. वर ‘हरवला आहे’, मधे तिच्या मुलाचा चेहरा, खाली फोन नंबर.

मुलाच्या बहिणीच्या जिवात जीव आला. इतके दिवस तो फोटो उघडता उघडत नव्हता. लोक कंटाळून निघून जायचे, भावाचं तोंडही न बघता. तिनेच या माणसामागे लकडा लावला होता की काहीही करा, पण हे पान पटकन उघडू दे.

आई मात्र फोटोच्या खालच्या कडेकडे बघत होती. “पाय कुठे गेले?”

“कापले, काकू,” तो सहज बोलून गेला आणि त्याची त्यालाच लाज वाटली. “म्हणजे फोटो कापला. अख्खा उभा फोटो होता, फार जड. ओळखायला चेहरा पुरतो.”

“तो वरून खाली यायचा,” आई म्हणाली. “आधी केस. मग डोळे. मग तो चुरगळलेला शर्ट. मी चहा घेऊन बसायचे. पाय शेवटी यायचे. पाय आले की मी दाराकडे बघायचे.”

रोज सकाळी आई त्या जुन्या कॉम्प्युटरपुढे काय करत बसते, हे बहिणीने कधी विचारलंच नव्हतं.

“आधीचाच लावा परत,” ती म्हणाली. “ठेवलाय ना?”

वेबसाइटवाल्याने उगाच खिसे चाचपले. मूळ फोटो मुलाच्या फोनमध्ये होता आणि फोन मुलाबरोबर गेला होता. म्हणून याने साइटवरचाच उतरवून घेतला, प्रत न ठेवता तोच कापला, हलका केला आणि त्याच नावाने परत चढवला. नवा चढला तसा जुना पुसला गेला. शिकाऊ माणूसही असं करत नाही, पण झालं खरं.

मग त्याला सुचलं. “काकू, सकाळचं पान तुमच्या कॉम्प्युटरवर उघडंच आहे का?”

“मी बंद करतच नाही.”

“मग तिथे तो अजून आहे. तिथून उचलता येईल.”

तिघं आतल्या खोलीत गेली. पडद्यावर मुलगा उभा होता, अख्खा. एका बुटाची नाडी सुटलेली. बहिणीला रडू फुटलं. वेबसाइटवाला खुर्ची ओढायला वळला.

“कसा येतो ते दाखवते,” आई म्हणाली आणि रोजच्या सवयीने तिने पान पुन्हा उघडायचं बटण दाबलं.

चेहरा झटकन आला. फोटो छातीपाशी संपला.

वेबसाइटवाल्याने ओढलेली खुर्ची तिथेच सोडली. बहीण आईकडे बघत होती.

आई खालच्या पांढऱ्या जागेवर नजर लावून बसली.

“थांबा जरा,” ती त्या दोघांना म्हणाली. “पाय यायला वेळ लागतो.”