घरच्या कॉम्प्युटरातली अजान

मोंजियामावशीने टोपलीतून कॉम्प्युटर काढला आणि लामजदच्या कॉम्प्युटर-दुकानातल्या काउंटरवर आदळलाच. "या खेपेला चांगला अँटिव्हायरस टाक बाबा. समोरच्या क्लिनिकला दिलास ना, सीलबंद खोक्यातला, तोच. आणि जरा हात चालव. आमच्या सिहेमला मुलगा झालाय, तासही नाही झाला."

"काय सांगतेस! मुबारक, मावशी!"

"हो हो. आधी काकांची अजान काढून दे. बाळ थांबलंय."

मागे तिचे नवरे हेदीकाका उभे होते, गळ्यावर पांढरं फडकं बांधून. कॅन्सर गेला, पण जाताना आवाज घेऊन गेला. स्वरयंत्रच काढल्यावर दुसरं काय होणार! चार महिने झाले, बोलायचं ते खिशातल्या वहीत लिहून. नातवाच्या कानात पहिली अजान आपलीच पडायला हवी, हा मात्र म्हाताऱ्याचा हट्ट. म्हणून ऑपरेशनच्या आदल्या दिवशी लामजदनेच घरी जाऊन कॉम्प्युटरला माइक लावून दिला होता. काकांनी डोळे मिटून अजान म्हटली होती. मोबाइलवर नको, मोबाइल पडतो, हरवतो, हा शहाणपणाही लामजदचाच.

त्याने तारा जोडल्या. पडदा उजळला तो लालभडक. तुमच्या सगळ्या फायलींना आम्ही कुलूप घातलं आहे, किल्ली हवी असेल तर डॉलर पाठवा.

"परवापासून असंच येतंय," मावशी म्हणाली. "व्हायरस असेल म्हटलं. चांगलं औषध घाल, जाईल."

बैल गेल्यावर झोपा करायला निघाली होती बिचारी. लामजदने एक फाइल उघडून पाहिली, दुसरी पाहिली, अजानची तर चार वेळा. नुसता कचरा. डॉलर तरी कुठून पाठवणार? इथल्या बँकेचं कार्ड देशाबाहेर चालत नाही. त्याच कारणाने तर सफाक्स शहरातल्या निम्म्या घरांत चोरीचे अँटिव्हायरस होते आणि त्यातले बरेचसे लामजदनेच आपल्या हाताने टाकलेले. पैसे मोजून आणलेली सीलबंद खोकी ऑफिसांसाठी, चोरटी प्रत घरांसाठी, असा त्याचा हिशेबच होता.

"मावशी, आता नवा टाकून काही उपयोग नाही. आतलं कुणालाच उघडणार नाही."

"म्हणजे? तूच टाकला होतास ना अँटिव्हायरस?"

"तो चोरीचा होता." लामजदला मान वर करवेना. "चोरीचा चालायचा तर कॉम्प्युटरची फायरवॉल, म्हणजे बाहेरच्याला अडवणारी भिंत, आधी बंद करावी लागते. मी केली. परत चालू करायची राहिली. मला वाटलं, घरच्या कॉम्प्युटरात चोरण्यासारखं असतं काय?"

मावशी खालच्या स्टुलावर बसली.

"क्लिनिकच्या बिलांना पहारेकरी," ती म्हणाली, "आणि आमच्या दाराला साधी कडी नाही! शाब्बास रे पठ्ठ्या. माझ्या हातचं कुसकुस खाऊन मोठा झालास ना तू?"

लामजदला रडू फुटेल असं वाटलं. काकांनी वही काढली, काउंटरवर ठेवून उभ्या उभ्याच काही लिहिलं आणि ती त्याच्याकडे फिरवली.

"तू ऐकली होतीस. चल, तू म्हण."

"काका, मी कुठल्या तोंडाने म्हणू?"

काकांनी त्याचा दंड धरला आणि त्याला दुकानाबाहेर काढलं. दुकान उघडंच राहिलं.

समोरच्या क्लिनिकमध्ये सिहेम डोळे मिटून पडली होती. बाळ तिच्या कुशीत, दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं. लामजद त्याच्या उजव्या कानाशी वाकला आणि अगदी हळू म्हणू लागला. काकांनी त्या दिवशी कुठे आवाज लांबवला होता, कुठे श्वास घेतला होता, ते सगळं त्याला आठवत होतं. पण गळा काकांचा नव्हता. दोनदा तो चिरकला. शेजारी काकांचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते आणि हवा मात्र गळ्यावरच्या फडक्यातून येत-जात होती.

अजान संपली तेव्हा सिहेमने डोळे उघडले.

"लामजद का?" तिने विचारलं. "बाबा, तुम्ही तुमची भरून ठेवली होती ना? रोज सांगत होते मी पोटातल्याला, आजोबांची अजान ऐकायचीय तुला म्हणून."

मावशी दाराशी उभी होती. ती लामजदकडे पाहत होती, फक्त त्याच्याचकडे. लामजदने तोंड उघडलं, पण शब्द जुळवायला त्याला वेळ लागला. तेवढ्यात काकांची वही पुढे झाली.

"माझ्याच हातून पुसली गेली पोरी. म्हातारा झालो आता."

सिहेमने वाचलं. मग पुन्हा वाचलं. तिचे डोळे भरून आले आणि तिने बापाचा हात ओढून गालाशी धरला. "असू दे, बाबा. मुद्दाम थोडंच केलंत तुम्ही? असू दे."

मावशीची नजर अजून हलली नव्हती. लामजदचा गळा धडधाकट होता, जीभ धडधाकट होती. तो वाकला आणि बाळाचं टोपडं सारखं करत राहिला.