लाल डिस्क

“ताई, लाल डिस्क लावा,” मॅनेजर दारातूनच म्हणाले. “सात वर्षांपूर्वीचा तो मोरपंखी रंग पुन्हा हवाय. गिऱ्हाईक खाली येऊन बसलंय.”

ताईनं कपाटाकडे पाहिलं. लाल डिस्क तिथेच होती, हाताच्या अंतरावर. पण ती महिन्यापूर्वीच मेली होती, आणि हे ताईनं अख्ख्या कारखान्यात कोणालाही सांगितलं नव्हतं.

कापड रंगवण्याच्या त्या कारखान्यात सर्व्हर एकच. जुन्या सिस्टीममध्ये वीस वर्षांच्या रंगांची प्रमाणं अडकलेली, आणि नव्या सिस्टीमशिवाय नवी यंत्रं हलायला तयार नाहीत. एका म्यानात दोन तलवारी बसवायच्या कशा? तोड ताईनंच काढली होती. दोन डिस्क. लाल दांडीची ओढून काढायची, हिरव्या दांडीची सरकवायची, की तोच सर्व्हर नवा होऊन उठे. महिनाभर दोन्ही आलटून पालटून चालवायच्या, जुने रंग सावकाश हिरवीवर न्यायचे, मग लाल बंद. अकरा वर्षं घर सांभाळून पुन्हा नोकरीला लागलेल्या बाईची ही पहिलीच कल्पना, आणि ती सगळ्यांना पटली होती.

पहिल्याच संध्याकाळी तिनं घाई केली. डिस्कवरचा दिवा विझला होता, पण आतली तबकडी अजून गरगरत होती. तिनं डिस्क ओढली, ती हातातून निसटली आणि फरशीवर आपटली. परत लावली तर नुसती टकटक. बॅकअप? तो दुसऱ्या दिवशी सकाळी घ्यायचा होता. उद्याच्या भरवशावर राहणाऱ्यांची जी गत होते, तीच तिची झाली.

ती गप्प बसली. तिला कायम करायचं की नारळ द्यायचा, हे महिनाअखेरीला ठरणार होतं. घरी सासूबाईंनी आपणहून स्वयंपाक अंगावर घेतला होता. शेजारणींना त्या सांगत सुटल्या होत्या, “आमची सून आता साहेबीण झालीये!” आता कोणत्या तोंडानं सांगणार?

तेव्हापासून रोज सकाळी रंगमास्तर यायच्या आत ती हिरवी डिस्क लावून ठेवी. मास्तर साठीला टेकलेले. नखांत निळा रंग मुरलेला, तो आता धुऊन जाणारा नव्हता. संगणकाशी त्यांचं नातं सवतीचं.

“आजही हिरवीच?” ते विचारत.

“सवय व्हायला हवी ना, मास्तर.”

मास्तर “हूं” म्हणत आणि एका बोटानं टाइप करत बसत. जेवणाच्या सुट्टीतही उठत नसत. म्हाताऱ्याला या वयात किती जड जातंय, असं वाटून तिच्या घशाखाली घास उतरत नसे. मध्येच एखादा जुना रंग लागला, तर मास्तर हात झटकून म्हणत, “लाल राहू द्या. पाठ आहे मला.” नशीब आपल्या बाजूनं आहे, असं ताई समजत होती. डिस्क दुरुस्त करणाऱ्या दोघांनी मात्र एव्हाना हात टेकले होते.

“ताई, ऐकताय ना?” मॅनेजरांनी दारातून पुन्हा विचारलं.

संगणकापुढे बसलेल्या मास्तरांचं बोट टाइप करता करता थांबलं. त्यांनी वर पाहिलं नाही.

आत्ताच बंद पडलेली दिसते, एवढं म्हटलं की सुटका होती. वाक्य तिच्या जिभेवर आलंही होतं. पण एका खोट्याला महिनाभर कडेवर घेऊन ती थकून गेली होती.

“साहेब, लाल डिस्क चालत नाही,” ती म्हणाली. “पहिल्याच दिवशी माझ्या हातून पडली. बॅकअप घेतला नव्हता. मी लपवलं.”

मॅनेजरांचा चेहरा खर्रकन उतरला. “म्हणजे वीस वर्षांचे रंग गेले?”

“हो.” नोकरी गेली, हे तिला त्याच क्षणी कळलं. तरी महिन्यात पहिल्यांदाच तिला नीट श्वास घेता आला.

“मोरपंखीचा नंबर सांगा,” मास्तर म्हणाले.

मॅनेजरांनी हातातल्या चिठ्ठीवरून तो वाचला. मास्तरांनी एकेक आकडा दाबला. पडद्यावर, हिरव्या डिस्कवर, मोरपंखी उमटला. कोणता रंग किती, पाणी किती, आच किती, सगळं.

“हा इथे कसा आला?” मॅनेजरांनी विचारलं.

“मी घातला. माझ्या वह्यांमधून. एकूण अकराशे बारा आहेत, शेवटचा काल दुपारी झाला.”

मॅनेजर बघतच राहिले. रंगमास्तर आपली वही सख्ख्या भावालाही दाखवत नाही. वही आहे तोवर त्याला कोणी हात लावू शकत नाही. या माणसानं ती शेवटच्या पानापर्यंत कारखान्याच्या हवाली केली होती.

मॅनेजरांनी मोरपंखीचा कागद छापून घेतला. दारात मात्र थबकले. “ताई, संध्याकाळी येऊन भेटा. आधी तुम्हाला चांगलं फैलावर घेणार आहे. मग तुम्हाला कायम करायच्या कागदावर सही करायचीय.”

खोलीत दोघंच उरले. ताईचे डोळे भरून आले होते.

“मास्तर, तुम्हाला कधी कळलं?”

“दुसऱ्या दिवशी. तुम्ही जरा बाहेर गेला होतात, तेव्हा लाल लावून पाहिली.”

“मग महिनाभर बोलला का नाहीत?”

मास्तरांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. आजवर त्यांनी तिला कधी अगंतुगं केलं नव्हतं.

“पोरी, मी बोललो असतो तर ती चोरी ठरली असती. आज तू बोललीस, म्हणून ती चूक ठरली.”