नाडीएवढी जागा

“एफएमवर बोलायला हवेत किती रुंद जागा लागते?”

परीक्षकांचा आवाज इतका दणदणीत, की मागच्या बाकावर बसलेल्या नवरोबांनाही प्रश्न ऐकू गेला. बायकोचं उत्तर मात्र ऐकू आलं नाही. तिचे ओठ हलले, परीक्षकांनी मान डोलावली, तेव्हा कुठे नवरोबांचा जीव भांड्यात पडला.

बाई बासष्ट वर्षांची, सगळी हयात शिवणयंत्रावर गेलेली. नवरोबा चाळीस वर्षं हॅम रेडिओवरून, म्हणजे हौशी लोकांच्या बिनतारी संचावरून, जगभर गप्पा मारत आले, आणि ती त्यांच्या रेडिओच्या खोलीत यायची ती फक्त केर काढायला. आता या वयात रेडिओच्या परवान्याचं खूळ तिच्या डोक्यात कुठून शिरलं, कोण जाणे! पण हट्टाला पेटली, म्हणून त्यांनी शिकवलं. आकडे लक्षात राहीनात, तेव्हा तिने ते कापडात मोजले. एफएमवरचं बोलणं म्हणजे चादरीचा पन्हा, कमी जागेत मावणाऱ्या साइडबँडवरचं म्हणजे टॉवेल आणि मोर्स या सांकेतिक लिपीतले ठिपके-रेघा म्हणजे नुसती नाडी.

नवरोबांचं मात्र एक गुपित होतं. दोन वर्षांपासून कान दगा देत होते. आवाज यायचा, पण शब्द एकमेकांत कालवल्यासारखे. “बोलण्यात आता मजा राहिली नाही,” असं रेडिओवरच्या दोस्तांना सांगून ते गुपचूप मोर्सवर सरकले. ठिपके-रेघांचा तो एकच सूर त्यांना कितीही गोंगाटात नेमका सापडायचा. घरी तशी सोय नव्हती. बायको काही बोलली की “हं” म्हणायचं, दोनदा बोलली की “बघू” म्हणायचं, असं त्यांनी निभावून नेलं होतं. कान गेले म्हणजे माणूस अडगळीत गेला, ही त्यांची धास्ती.

“जागा अरुंद केली तर फायदा काय?” परीक्षक गरजले.

सगळी ताकद चिंचोळ्या पट्टीत एकवटते, म्हणून गोंगाटातूनही पार जाते. नवरोबांनी मनातल्या मनात उत्तर दिलं आणि बायकोच्या पाठीकडे बघत बसले. तिने बहुधा तेच सांगितलं असावं.

“परवाना मिळाला, तर पहिल्यांदा कोणाशी बोलणार?”

हा प्रश्न कुठल्या पुस्तकात नव्हता. ती काहीतरी म्हणाली. परीक्षकांनी चष्म्यावरून थेट मागच्या बाकाकडे पाहिलं आणि कागदावर सही ठोकली.

पास! नवरोबांची छाती फुगली. बाहेर बसथांब्यावर येईपर्यंत त्यांना दम निघेना.

“काय गं, कोणाशी बोलणार म्हणालीस?”

तिने सांगितलं. समोर बस घरघरत उभी होती.

“बरं केलंस,” नवरोबा म्हणाले.

ती हसायला लागली. मग भर रस्त्यात तिने ओठांचा चंबू केला आणि चक्क शिट्टी वाजवू लागली, एकाच सुरात, कधी आखूड, कधी लांब. माणसं वळून बघायला लागली. नवरोबा लाजून चूर झाले, पण चाळीस वर्षांची सवय, कान आपसूक अक्षरं जुळवू लागले. एवढ्या गोंगाटात एकही अक्षर सांडलं नाही.

“तुमच्याशी. दोन वर्षं वाट बघतेय.”