नाव कोण सांगणार?

बोलताना अडखळणाऱ्या माणसांची ती ऑनलाइन संस्था. तिच्या निवडणुकीत मत द्यायचं, तर सभासदाने आधी फोनवर स्वतःचं नाव सांगून ओळख पटवायची. सभासद असलेल्या धाकट्याचा फोन वाजला आणि थोरल्याने सवयीप्रमाणे उचलून स्पीकरवर टाकला. शाळेतल्या नव्या बाईंपासून बँकेतल्या साहेबांपर्यंत सगळ्यांना धाकट्याचं नाव तोच सांगत आला होता. भावाची ओढाताण त्याला बघवायची नाही. आताही त्याने ते नाव खणखणीत आवाजात सांगून टाकलं.

पलीकडून संस्थेच्या ताई म्हणाल्या, "असं न-नाही चालणार."

"का? नाव चुकलं?"

"नाव बरोबर आहे. पण आमच्याकडे इतक्या झ-झटक्यात कुणी सांगत नाही. तुम्ही कोण?"

थोरला ओशाळला. "मोठा भाऊ. म्हटलं, त्याला कशाला त्रास..."

"त्याला बोलू द्या. आणि दादा, मध्ये पडू नका हं."

धाकट्याने फोन जवळ ओढला. पहिल्याच अक्षरावर गाडी अडली. मान ताणली, डोळे मिटले. नाव थोरल्याच्या अगदी जिभेवर आलं होतं, पण त्याने ओठ घट्ट आवळले. ताईंना कसलीच घाई नव्हती.

शेवटी नाव आलं. तुकड्यातुकड्यांनी, पण अख्खं.

"पटली ओळख," ताई म्हणाल्या.

थोरला बघतच राहिला. धाकट्याचं नाव धाकट्याच्याच तोंडून तो आज पहिल्यांदा ऐकत होता. आधी ऐकणार तरी कसं? त्याने कधी सांगूच दिलं नव्हतं.